'हमी' हा शब्द जाहिरातीतून काढा : तानसाला पक्षी-सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

तानसाच्या जंगलात पक्षी-छायाचित्रणाच्या सहली नेणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की माझ्या मोबाइलवर तुमच्या जाहिराती यायला लागतात. यंदा एकाच आठवड्यात तीन आल्या आणि तिन्ही तानसाच्या होत्या. पहाटे मुलुंड चेकनाक्यावरून गाडी, वाटेत चहा-पोहे, दुपारचं जेवण, अंधार पडायच्या आत परत. तिन्हींत वर रानपिंगळ्याचा, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या, दुर्मिळ घुबडाचा, फोटो आणि फोटोखाली लाल अक्षरांत जवळजवळ सारखीच ओळ : रानपिंगळा दिसण्याची १०० टक्के हमी.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे, आणि ती हमी पुरी करायला स्पीकरवर पक्ष्याची जी हाक वाजवली जाते तिच्याबद्दल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ओळखते, तुम्हीही मला ओळखता. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला, तो धरायचा कसा इथपासून तुम्ही मला शिकवलंत. नांदूर मधमेश्वरला, भिगवणच्या होडीत, माहुलीच्या पायथ्याला तुमच्यातल्या कुणी ना कुणी माझा ट्रायपॉड खांद्यावर घेतला आहे, 'ताई, सावकाश' म्हणत हात दिला आहे. तेव्हा हे परक्याचं पत्र समजू नका. जे सांगायचं ते मी आधी एकेकाला खासगीत सांगून पाहिलं. प्रत्येकानं नीट ऐकून घेतलं आणि प्रत्येकजण म्हणाला, 'आम्ही एकट्यानं थांबवून काय होणार, बाकीचे वाजवतातच.' म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एक सकाळ सांगते. कुठला गट, कोण नेणारं, हे सांगत नाही, कारण मीही त्या गटात पैसे भरून होते आणि मीही गप्प बसले होते. आम्ही १४ जण, दोन गाड्या. खर्डीच्या पुढे आत शिरलो तेव्हा सागाची पानं निम्मीअधिक गळलेली, ऊन नुकतंच शेंड्यांवर आलेलं. गाडी थांबली. सहल नेणाऱ्यानं खिशातून मुठीएवढा स्पीकर काढला, फोनला जोडला आणि रानपिंगळ्याची हाक लावली. अर्धा मिनिटही गेलं नसेल, समोरच्या उघड्या फांदीवर तो येऊन बसला. गोल डोकं, पिवळेजर्द डोळे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकत तो ओरडत होता आणि आमचे कॅमेरे पाऊस पडावा तसे वाजत होते.

मागची गाडी वाटेत पंक्चर झाली होती, ती वीस मिनिटांनी आली. त्यांच्यासाठी हाक पुन्हा लावली. मग कुणाला मागे आकाश नको होतं, हिरवं हवं होतं, म्हणून स्पीकर दुसऱ्या झाडाखाली नेऊन ठेवला. पक्षी तिकडे गेला. मग एकाला उडतानाचा फोटो हवा होता. असं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चाललं. निघताना सगळे खूश होते. मीही होते. माझ्यासाठी तो 'लायफर' होता, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला.

रात्री घरी फोटो संगणकावर टाकले आणि मोठे करून पाहायला लागले. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत त्याच्या उजव्या पायाच्या पकडीत एक सापसुरळी होती. मेलेली, लोंबणारी. जंगलात उभी असताना मला ती दिसलीच नव्हती, मी डोळ्यांवर फोकस लावण्यात गुंतले होते. जानेवारी हा त्यांचा विणीचा काळ. अंडी मादी उबवते, ती ढोलीत बसून असते आणि तिला, पुढे पिल्लांनाही, खाणं नर आणून देतो. तो पक्षी शिकार घेऊन घरी निघाला होता. आम्ही त्याला चाळीस मिनिटं दारातल्या भांडणात अडकवून ठेवलं आणि त्यानं ती सापसुरळी ना खाल्ली, ना टाकली, ना पोचवली.

तो माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो आहे. तो मी कुठेही टाकलेला नाही, टाकणारही नाही.

वाजवलेली हाक म्हणजे पक्ष्याला काय वाटतं, हे तुम्हाला माहीत आहे, पण सहलीला येणाऱ्या नव्या माणसाला माहीत नसतं आणि तुम्ही ते सांगत नाही. त्याला वाटतं आपण पक्ष्याला बोलावलं आणि तो आला. खरं असं आहे की रानपिंगळ्याची जोडी आपला जंगलाचा तुकडा धरून राहते. त्या तुकड्यात परक्या नराचा आवाज आला की घरच्या नराला हातातलं काम सोडून यावंच लागतं, न येणं त्याला परवडत नाही. समोर शत्रू दिसत नाही, आवाज मात्र थांबत नाही. तो झाडामागून झाड शोधत राहतो. शिक्रा, सर्पगरुड यांच्या नजरेला पडेल अशा उघड्या फांदीवर बसून राहतो. आपण निघून जातो, मग पुढचा गट येतो. थंडीतल्या एका रविवारी त्याच वळणावर मी स्वतः पाच गाड्या मोजल्या आहेत.

अभ्यासकही हाक वाजवतात, असं तुम्ही मला ऐकवता. वाजवतात. गणना करताना, ठरवलेल्या अंतरावर, ठरवलेली मिनिटं, परवानगी घेऊन, उत्तर आलं की लगेच बंद करून. त्यांना तिथं पक्षी आहे की नाही एवढंच नोंदवायचं असतं. त्यांचं काम आणि आपला छंद एका मापानं मोजू नका.

आता जरा मागे जाते, कारण या पक्ष्याची हकीगत कळली की हमी हा शब्द मला इतका का खुपतो ते तुम्हाला कळेल.

१८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकानं या घुबडाचं वर्णन पहिल्यांदा छापलं. त्यानंतर १८८४ पर्यंत मिळून सातच नमुने संग्रहालयांत गेले, त्यांतले काही आपल्या खानदेशातले. मग पक्षी जणू नाहीसा झाला. मधे एक गडबड झाली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आपल्याला हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला असं सांगितलं. तो नमुना त्यानं लंडनच्या संग्रहालयातून लांबवलेला आणि त्यावर खोटं ठिकाण, खोटी तारीख चिकटवलेली होती, हे पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणलं. ती खोटी चिठ्ठी खरी मानून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले होते. रासमुसेन यांनी ती बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर फिरत असताना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, दिवसाउजेडी हा पक्षी त्यांना दिसला. ११३ वर्षांनी.

मला यातली एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे वाजवायला हाक नव्हती. या पक्ष्याचा आवाज तोपर्यंत जगात कुणी ध्वनिमुद्रित केलेलाच नव्हता. त्यांनी पायी चालत, झाडांकडे बघत तो शोधला. आपल्याला मात्र तो कुठे असतो हे माहीत असूनही स्पीकरशिवाय भरवसा वाटत नाही.

पुढे मेळघाटात, यावलला, मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात तो सापडत गेला. तानसात तो २०१४ मध्ये दिसला तेव्हा पक्षीवेड्यांमध्ये केवढी खळबळ उडाली होती हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शहाद्यापासून साधारण अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, सह्याद्रीच्या कुशीत, मुंबईहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर! २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' अशी एक पायरी सुधारली, याचं एक कारण अशी नवी ठिकाणं सापडणं हेही होतं. पक्षी वाढले असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

मग तो तानसात टिकला कसा? माझं उत्तर आहे : पाण्यामुळे. तानसाची दगडी भिंत १८९२ मध्ये पुरी झाली. सुमारे २.८ किलोमीटर लांबीची ती भिंत अजून उभी आहे, आणि तिच्यामागचं पाणी मुंबईला जातं. पिण्याचं पाणी म्हटल्यावर भोवतीचा पाणलोट राखणं आलं. डोंगरावरचं जंगल तुटलं तर माती धुपून तलावात येणार, उन्हाळ्यात झरे आटणार, हे तेव्हाच्या इंजिनिअरांनाही कळत होतं. १९७० मध्ये अभयारण्य झालं. शहापूर, वाडा, मोखाडा या तालुक्यांत पसरलेलं ३०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आज तानसा आणि वैतरणेच्या तलावांना कवेत घेऊन बसलं आहे. साग, ऐन, खैर, कळंब, मोह, सावर, आणि जुन्या झाडांच्या ढोल्या. घुबडाला लागते ती ढोली. पन्नास-साठ वर्षं कुऱ्हाड न लागलेलं झाड असल्याशिवाय ती होत नाही, आणि तशी झाडं पाण्याच्या निमित्तानं इथं वाचली.

मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, ते सात तलावांतून येतं. मुलुंडला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर तानसाची जाडजूड जलवाहिनी जाते. लहानपणी आम्ही तिच्यावरून पळायचो. आत काय वाहतं आणि ते कुठून येतं याचा विचार साठीला टेकल्यावर, हातात कॅमेरा आल्यावर केला, याची मला खंत आहे.

आणि ते पाणी ज्यांच्या दारातून निघतं त्यांच्याबद्दल. एका एप्रिलमध्ये आम्ही दहाजण दुपारी एका पाड्यावर सावलीला थांबलो होतो. बरोबरच्या बाटल्या संपल्या होत्या. एका बाईनं न विचारता तांब्या भरून आणला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे प्यायलो, काहींनी तोंडही धुतलं. परत येताना तीच बाई डोक्यावर दोन आणि कडेवर एक हंडा घेऊन चढ चढताना दिसली. आमच्या गाडीच्या मीटरवर विहीर पाड्यापासून दीड किलोमीटर भरली. शहापूर हा धरणांचा तालुका, भातसा तिथं, तानसा तिथं, आणि उन्हाळा आला की टँकरच्या बातम्याही तिथल्याच. तेव्हापासून मी माझ्यापुरता पाच लिटरचा कॅन घेऊन जाते आणि उरलेलं पाणी पाड्यावर देऊन येते. ही साधी गोष्ट तुमच्या 'सोबत काय आणावे'च्या यादीत मी अजून पाहिलेली नाही. टोपी आहे, दुर्बीण आहे, जादा बॅटरी आहे. पाणी 'वाटेत मिळेल' असं लिहिलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. त्याच कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिली आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही मोडतं. बंदूक चालवली तरच शिकार, असं कायदा म्हणत नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी घेऊन जाता येतं, ती आपली कायदेशीर वाट आहे आणि ती वाट मोकळी राहावी अशीच माझी इच्छा आहे. उद्या एखादं घरटं सोडलं गेलं, त्याचा बोभाटा झाला, आणि वन खात्यानं सरसकट सगळ्यांनाच बंदी केली तर त्यात तुमचंही नुकसान आहे, माझंही.

आता सहल आखायची कशी, याबद्दल. तुमचं पोट यावर आहे, काहींनी नोकरी सोडून हे काम धरलं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून नुसतं 'असं करू नका' म्हणून मी मोकळी होणार नाही.

माझ्या मते सगळी गाठ पैशात आहे, आणि सोडवायची झाली तर तिथूनच सुटेल. हमी दिली की स्पीकर खिशात ठेवावाच लागतो. अडीच-तीन हजार रुपये भरून आलेल्या माणसाला दुपारी बारापर्यंत पक्षी दिसला नाही तर तो तुमच्याकडे बघायला लागतो, तुम्ही बरोबरच्या पाड्यावरच्या मुलाकडे बघता, आणि तो मुलगा तुम्हाला ढोलीपाशी घेऊन जातो. कारण त्याची बक्षिसी पक्षी दिसण्यावर ठरलेली असते. एका मुलानं मला स्पष्ट सांगितलं, 'मॅडम, दिसला तर पाचशे, नाही दिसला तर शंभर.' त्या मुलाला दोष कसा द्यायचा? त्याचा बाप वीटभट्टीवर जातो. त्याला दिवसाचा पुरता मेहनताना ठरवून द्या, पक्षी दिसो न दिसो, आणि उलट सांगा, की ढोलीच्या जवळ कुणी जायला लागलं तर अडवायचं काम तुझं. जंगल त्याला तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं. कुठल्या मोहाखाली रातवा बसतो, टकाचोर कुठं घरटं करतो, कुठल्या ओहोळात उन्हाळ्यात शेवटपर्यंत पाणी राहतं आणि म्हणून तिथं किती पाखरं उतरतात, हे त्याला सांगू दे. आज आपण त्याच्याकडून एकाच पक्ष्याचा पत्ता विकत घेतो.

गट आठ जणांच्या वर नको. चौदा माणसं गप्प बसूच शकत नाहीत, मी अनेकदा पाहिलं आहे. दोन गाड्या असतील तर दोन दिशांना जा. गाडी रस्त्यावर राहू द्या, आणि माणसंही रस्त्यावर, पायवाटेवरच. नोव्हेंबर ते मार्च हा तुमचा हंगाम, कारण पानं गळलेली असतात, फोटो मोकळा मिळतो. पण रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत पसरलेली असते, म्हणजे तुमचा अख्खा हंगाम त्याच्या विणीतच येतो. एखादा महिना वगळून हा प्रश्न सुटत नाही, वागणंच बदलावं लागेल. पक्षी सापडला तर लांबून वीस मिनिटं बघा आणि तो तिथंच बसलेला असला तरी निघा. तो खाणं घेऊन असेल तर तेवढंही थांबू नका. हे नवख्याला जमत नाही, त्याला सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम तुमचं आहे.

हा पक्षी पिंगळ्यासारखा दिवे लागणीला निघणारा नाही. तो दिवसा शिकार करतो, थंडीत सकाळच्या उन्हाला उघड्या शेंड्यावर येऊन बसतो. म्हणजे ज्याला बसायचा धीर आहे त्याला स्पीकरशिवाय तो दिसण्याची शक्यता खरोखरच चांगली आहे. गेल्या वर्षी मी आणि माझी एक मैत्रीण, दोघीच, आटगावला उतरून रिक्षानं गेलो, परवानगीचा कागद घेतला आणि एका वळणावर सकाळी सातपासून बसलो. सर्पगरुड डोक्यावरून तीनदा ओरडत गेला. निखारांचा थवा आला. हळद्या आला. एक साधा पिंगळा दिसला आणि मैत्रीण हर्षानं उडालीच, मग मी तिला दाखवलं, याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर आहेत, रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी असते, पाय दणकट असतात. साडेनऊला रानपिंगळा स्वतःहून आला. लांब होता, पान आडवं आलं, फोटो 'रेकॉर्ड शॉट', म्हणजे नुसता नोंदीपुरता, म्हणावा इतकाच. तो खाली झेपावला, पाचोळ्यात काहीतरी पकडलं आणि झाडीत शिरला. कुठे गेला ते आम्ही पाहायला गेलो नाही. दोन वेळा तानसाला जाऊन रिकाम्या हातानं परतल्यानंतरची ही तिसरी वेळ होती. लोकांना हे विका ना! तीन सहलींचं एक तिकीट करा. हिवाळ्यात एकदा, मोह फुलल्यावर एकदा, पावसाच्या तोंडावर नवरंग येतो तेव्हा एकदा. आम्ही येऊ.

आणि जागा. फोटो टाकताना 'तानसा' म्हटलं की पुरे. अमुक किलोमीटरचा दगड, तमुक नाल्याजवळचं झाड, नकाशावरची खूण हे लिहू नका, फोटोच्या फाइलमध्ये चिकटलेलं ठिकाणही काढून टाका. एका खोट्या चिठ्ठीनं हा पक्षी अभ्यासकांपासून लपून राहिला. खऱ्या पत्त्याचं काय होतं ते आपण दर रविवारी त्या वळणावर बघतो आहोत.

तुमच्यातल्या एका जाणत्या माणसानं मला विचारलं होतं, 'ताई, वणवे लागतात, झाडं तुटतात, महामार्ग जातात, आणि तुम्ही आमच्या एवढ्याशा स्पीकरवर का बोलता?' प्रश्न रास्त आहे, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. वणव्यानं आणि तोडीनं जे नुकसान होतं ते आपल्या गाड्यांपेक्षा पुष्कळ मोठं आहे, हे मान्य. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ गारगाई नदीवर महापालिकेचं नवं धरण प्रस्तावित आहे, मुंबईला रोज आणखी ४४० दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी. त्यात याच अभयारण्याचं शेकडो हेक्टर जंगल आणि काही गावं पाण्याखाली जातील. पाण्यासाठी राखलेलं जंगल पाण्यासाठीच बुडणार. मी मुंबईची पाणी पिणारी बाई आहे, मला यावर सोपं बोलता येत नाही. पण एवढं कळतं की असा निर्णय होताना तिथं काय काय राहतं याची पक्की, तारीखवार नोंद समोर असावी लागते. आपल्याकडे दर हंगामाला हजारो फोटो जमतात. त्यातले किती अभ्यासकांपर्यंत किंवा वन खात्यापर्यंत नोंद म्हणून पोचले? स्पीकरनं ओढून आणलेल्या पक्ष्याच्या फोटोवरून तो मुळात कुठं होता हेही सांगता येत नाही. स्वतःहून बसलेल्या पक्ष्याची, तारीख-वेळ-झाडासकट केलेली नोंद, जाहीर न करता योग्य हातांत दिली, तर ती उपयोगी पडते. तोच कॅमेरा, तीच सहल, तेच पैसे.

आणि दुसरं उत्तर सरळ आहे. वणवा मी एकटीनं विझवू शकत नाही, धरणाचा निर्णय माझ्या हातात नाही. स्पीकरचं बटण आपल्या हातात आहे, आजच.

माझं मागणं लांबलचक नाही. जाहिरातीतली हमीची ओळ काढा. तिच्या जागी लिहा की या सहलीत हाक वाजवली जाणार नाही आणि घरट्याजवळ नेलं जाणार नाही. पाड्यावरच्या मुलाचा मेहनताना पक्ष्यापासून वेगळा करा. यादीत प्रत्येकी पाच लिटर पाणी लिहा. तुमच्यातल्या चार-पाच गटांनी एकत्र बसून हे एकदा ठरवलं की 'बाकीचे वाजवतातच' हे म्हणायला बाकीचे उरणार नाहीत. बसायला जागा हवी असेल तर माझं घर आहे, वीसएक माणसं मावतात, चहा-पोहे माझ्याकडे.

तीनपैकी एका सहलीचे पैसे मी भरलेले आहेत, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारचे. सहल नेणाऱ्याला मी लिहिलं आहे की हाक वाजवणार नसाल तर मी येते, पक्षी दिसला नाही तरी पैसे परत मागणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. मी वाट बघते आहे.

तुमची,
मुलुंडची ताई